मॅन्युअल की ऑटोमॅटिक: गाडी ठरवण्याआधी आपला रस्ता मोजावा

नवी गाडी घ्यायचे ठरले की किंमत, रंग आणि सनरूफ यांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा होते. गिअरचा प्रश्न मात्र शोरूममध्ये टेबलासमोर बसल्यावर दहा मिनिटांत उरकला जातो. विक्रेता म्हणतो, "आजकाल सगळे ऑटोमॅटिकच घेतात," किंवा सोबत आलेले काका म्हणतात, "गिअर टाकल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही," आणि त्या एका वाक्यावर पन्नास हजारांपासून दीड लाखापर्यंतचा फरक ठरून जातो. पुढची सात-आठ वर्षे रोज पायाला, कमरेला आणि खिशाला जाणवणारा निर्णय असा ऐकीव मतावर सोडू नये, असे मला मनापासून वाटते. सर्वांसाठी चांगली अशी एकच गाडी सांगता येत नाही, परंतु आपल्यासाठी कोणती चांगली, याचे उत्तर बऱ्यापैकी नेमके मिळू शकते आणि ते आपल्या रोजच्या रस्त्यावर मिळते.

क्लचची मोजदाद

सध्या चालवत असलेली मॅन्युअल गाडी घेऊन, ती नसेल तर नातेवाइकांची मागून घेऊन, नेहमीच्या वेळी नेहमीच्या रस्त्याने जावे आणि क्लच किती वेळा दाबला जातो ते मोजावे. मोजण्याचे काम चालवणाऱ्याने करू नये. ते शेजारी बसलेल्याचे काम आहे. नामजपासाठी बोटात घालायचे जे छोटे काउंटर मिळते ते यासाठी उत्तम, कारण मोजणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. कामाच्या दिवशी एक फेरी आणि सुटीच्या दिवशी एक फेरी एवढे पुरते.

मी ही मोजदाद कोथरूड ते हिंजवडी या रस्त्यावर केली. चांदणी चौकातून महामार्गाला लागून बावधन, सूस, बालेवाडी मागे टाकत वाकडला आत वळायचे, असे हे सतरा-अठरा किलोमीटरचे अंतर आहे. शेजारी बहीण बसली होती आणि तिच्या बोटात आईचे जपाचे काउंटर होते. मंगळवारी संध्याकाळी परत येताना आकडा २३६ झाला. त्याच रस्त्यावर रविवारी सकाळी सातला तो ४१ होता. वाकडच्या पुलापाशी तर गाडी एका वेळी जेमतेम स्वतःच्या लांबीइतकी पुढे सरकत होती आणि तेवढ्यासाठी क्लच दोनदा दाबावा लागत होता, एकदा सुटताना आणि एकदा थांबताना. मधल्या काळात मी गाडी न्यूट्रलला न काढता क्लच दाबूनच धरत होतो, हे मला बहिणीने सांगेपर्यंत कळलेही नव्हते. डावा पाय भरून येण्याचे खरे कारण तिथे होते.

या आकड्यांवरून मी स्वतःपुरता एक अंदाज बांधला आहे. किलोमीटरमागे दहापेक्षा जास्त वेळा क्लच दाबावा लागत असेल, तर ऑटोमॅटिकचा विचार गंभीरपणे करावा. तीनच्या आत असेल, तर मॅन्युअल गाडी आपल्याला कोणताही त्रास देत नाही आणि जास्तीचे पैसे टायर, विमा किंवा अधिक एअरबॅग असलेल्या मॉडेलकडे वळवावेत. मधल्या पट्ट्यात असणाऱ्यांनी पुढच्या गोष्टी तपासाव्यात. सोबत आणखी एक नोंद करावी: चढावर थांबून पुन्हा सुटण्याचा प्रसंग किती वेळा येतो. पुलाचा चढ, सोसायटीच्या तळघरातून वर येणारा रॅम्प, सीएनजी पंपाची चढावर लागलेली रांग, हे सगळे त्यात धरावे, कारण तिथे मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांच्यातला फरक सर्वाधिक जाणवतो आणि ऑटोमॅटिकच्या एका प्रकारातला उणेपणाही तिथेच उघडा पडतो.

ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कोणती?

शोरूममध्ये 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द वापरला जातो, पण त्याखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. चारही गाड्यांत क्लचचे पेडल नसते. त्यापलीकडे त्यांच्यात साम्य कमी आहे.

सर्वांत स्वस्त प्रकार एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. आपल्याकडे तो २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओतून आला आणि छोट्या गाड्यांत झपाट्याने पसरला. यातला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच प्लेटही तीच. फरक एवढाच की आपल्या डाव्या पायाचे आणि डाव्या हाताचे काम एक संगणक आणि त्याच्या हुकमतीतली यांत्रिक जोडणी करते. त्यामुळे किंमत फारशी वाढत नाही आणि ॲव्हरेजही घटत नाही. मात्र गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते आणि बसलेल्यांची मान किंचित पुढे झुकते, विशेषतः पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना. गिअर बदलण्याच्या बेताला ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा हलका केला तर हा झटका बराच कमी होतो; ही सवय दोन आठवड्यांत अंगवळणी पडते. चढावर मात्र सावध राहावे लागते. ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंतच्या अर्ध्या क्षणात गाडी वीतभर मागे सरकते आणि मागचा रिक्षावाला नेमका तेवढ्याच अंतरावर खेटून उभा असतो. म्हणून एएमटी घ्यायची असेल तर हिल होल्ड असलेलेच मॉडेल घ्यावे. ही सोय ब्रेक दोन-तीन क्षण धरून ठेवते आणि सुटायला पुरेसा अवधी देते. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरणे एएमटीत कटाक्षाने टाळावे, कारण आतली क्लच प्लेट घासून तापत असते आणि पायाखाली ते जाणवतही नाही.

टॉर्क कन्व्हर्टर हा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत सोशिक प्रकार आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातली ओढ अशी तेलातून जात असल्याने गाडी कितीही हळू सरकवली तरी घासण्यासारखी क्लच प्लेट नसते. ब्रेक सोडला की गाडी आपसूक पुढे सरकते, लहानसहान चढावर मागे येत नाही आणि तासभराच्या कोंडीनंतरही तिच्या वागण्यात फरक पडत नाही. मारुतीच्या ब्रेझाची ऑटोमॅटिक या प्रकारची आहे.

तिसरा प्रकार सीव्हीटी (कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन). यात दातेरी गिअरच नसतात. रुंदी कमी-जास्त होणाऱ्या दोन पुली आणि त्यांच्यावर फिरणारा पोलादी पट्टा यांच्या जोरावर गुणोत्तर सलग बदलत राहते, त्यामुळे झटका हा प्रकारच उरत नाही. होंडा सिटीत हा प्रकार मिळतो. शांतपणे चालवणाऱ्यासाठी शहरात याहून सुखद काही नाही. पण ओव्हरटेक करताना पाय जोरात दाबला की आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, याची तयारी ठेवावी लागते.

चौथा प्रकार डीसीटी (ड्युअल क्लच ट्रान्समिशन). यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी आणि दुसरा सम गिअरसाठी, म्हणजे गाडी तिसऱ्यात असताना चौथा तयारच असतो. महामार्गावर हा प्रकार अतिशय चपळ वाटतो. परंतु कोरड्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचचा डीसीटी खेटून चाललेल्या गर्दीत तापतो आणि काही गाड्यांत पडद्यावर तशी सूचनाही येते. दुरुस्तीचा खर्चही इतरांपेक्षा जड जातो. ज्यांच्या मोजदादीत किलोमीटरमागे दहापेक्षा जास्त आकडा आला आहे, त्यांनी कोरड्या क्लचच्या डीसीटीपासून दूर राहावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

विजेवरच्या गाडीत गिअर बदलण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जर बसवता येत असेल तर कोंडीच्या रस्त्यासाठी तिचाही विचार याच वेळी करून टाकावा.

घाट

महाराष्ट्रात गाडी घेणाऱ्याने घाट गृहीत धरूनच गाडी घ्यावी. मुंबईहून पुण्याला, पुण्याहून सातारा-कोल्हापूरला, नाशिकहून मुंबईला, कोल्हापूरहून रत्नागिरीला किंवा बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला, कुठेही जा, एक चढ आणि एक उतार वाट्याला येतोच.

चढाचा अनुभव घ्यायचा तर पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढावा. पुढे भरलेला ट्रक वीसच्या वेगाने रेंगाळत असतो, आपण मागे असतो, आणि एएमटीचा संगणक दुसरा ठेवावा की तिसरा टाकावा या विचारात सापडतो. गिअर वर जातो, गाडी ओढत नाही म्हणून पुन्हा खाली येतो. अशा वेळी लिव्हर 'एम' (मॅन्युअल) कडे सरकवून दुसरा गिअर स्वतः पक्का करावा, म्हणजे घाट संपेपर्यंत गाडी निमूट चढते. ही सोय जवळजवळ प्रत्येक एएमटीत असते, पण ती वापरणारे मालक मला फार थोडे भेटले आहेत.

उतार अधिक गंभीर आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम मॅन्युअल गाडीत सहज पाळता येतो, कारण दुसरा किंवा तिसरा टाकला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ऑटोमॅटिक गाडी 'डी' (ड्राइव्ह) वर ठेवून महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरू लागलात, तर उतारावर वेग वाढताच गाडी वरचा गिअर टाकण्याचा संभव असतो, इंजिनाची ती पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दहा-बारा वळणांनंतर ब्रेक तापल्याचा करपट वास येतो आणि पेडल आधीपेक्षा खोल जाऊ लागते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच 'एम', 'एल' (लो) किंवा गाडीत जी सोय असेल ती वापरून खालचा गिअर धरावा. गाडी घेताना ही सोय त्या मॉडेलमध्ये आहे का आणि ती कशी चालते, हे विक्रेत्याला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवण्याचा प्रकार दोन्ही गाड्यांत सारखाच जीवघेणा आहे.

मोकळ्या महामार्गाची गोष्ट निराळी. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. अशा रस्त्यावर एकदा पाचवा टाकला की टोलनाक्यापर्यंत क्लचला पाय लागत नाही. ज्यांचा प्रवास मुख्यतः असा आहे, त्यांना ऑटोमॅटिकच्या जास्तीच्या पैशांचा मोबदला फारसा मिळत नाही.

पैशांचा हिशेब

त्याच मॉडेलच्या मॅन्युअलपेक्षा एएमटी साधारण पन्नास हजारांच्या आसपास महाग पडते. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा डीसीटीसाठी हा फरक लाख ते दीड लाखाच्या घरात जातो. हा आकडा एक्स-शोरूमचा असतो, आणि त्यावर वाहनकर लागतो, हे लक्षात ठेवावे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांमध्ये १२ टक्के कर आहे, आणि वरचा दर लागू झाला की तो संपूर्ण किमतीवर लागतो. समजा, मॅन्युअल ९ लाख ६० हजारांची आहे आणि ऑटोमॅटिक १० लाख ३० हजारांची. पहिलीचा कर १ लाख ५ हजार ६०० रुपये होतो आणि दुसरीचा १ लाख २३ हजार ६०० रुपये. म्हणजे सत्तर हजारांचा वाटणारा फरक करातच अठरा हजारांनी वाढला, कर्जाचे व्याज पुढे वेगळेच. आपल्या निवडीची गाडी दहा लाखांच्या रेषेवर घुटमळत असेल, तर हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय सही करू नये.

ॲव्हरेजची भीती मात्र आता बरीचशी जुनी झाली आहे. २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टसाठी कंपनीने दिलेला आकडा मॅन्युअलला लिटरमागे २४.८० किलोमीटर आणि एएमटीला २५.७५ किलोमीटर असा आहे. संगणक योग्य वेळी गिअर बदलतो, आपण बदलत नाही, हे त्याचे कारण. हे आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवर मिळतात, आपल्या नाक्यावर नाही, त्यामुळे त्यांचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरताच करावा.

सीएनजी घेणाऱ्यांसमोर पर्याय थोडे आहेत. कंपनीकडून बसवलेल्या सीएनजी गाड्या बहुतेक मॅन्युअलच येतात. टाटांनी २०२४ मध्ये टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजीसोबत एएमटी दिली, तेव्हा आपल्याकडे हा जोड पहिल्यांदा मिळाला.

देखभालीत मॅन्युअलची बाजू भक्कम आहे, विशेषतः तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी. क्लच प्लेट बदलणारा मेकॅनिक कुठेही मिळतो. बॅटरी उतरली तर चार जणांनी धक्का मारून मॅन्युअल गाडी सुरू करता येते. ऑटोमॅटिकला हा मार्ग नाही, तिच्यासाठी जंपर केबल डिकीत ठेवावीच लागते. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरीने टोचन करून नेण्याची चूक गिअरबॉक्सला महागात पडू शकते; तिला ट्रकवर चढवूनच न्यावे.

गाडी कोण कोण चालवणार?

गाडी आपल्या नावावर असली तरी ती एकटे आपणच चालवत नाही. गुडघेदुखी असलेल्या आईला किंवा कंबरेचा त्रास असलेल्या वडिलांना ऑटोमॅटिकमुळे पुन्हा स्वतः गाडी काढता येणार असेल, तर मोजदादीचा आकडा काहीही आलेला असो, माझे मत ऑटोमॅटिकला. चढावर गाडी बंद पडेल या धास्तीने शिकूनही गाडी न चालवणारे माणूस प्रत्येक घरात एखादे तरी असते, आणि ती धास्ती क्लचचीच असते. उलट घरात कोणी नव्याने शिकणार असेल, तर त्याने आधी मॅन्युअलवर हात बसवावा, म्हणजे अडीअडचणीला कोणतीही गाडी काढता येते. ब्रिटनला स्थायिक होण्याचा विचार असलेल्यांनी तर हे नक्की करावे. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो.

टेस्ट ड्राइव्ह आपल्या अटींवर

मला एका शोरूमने टेस्ट ड्राइव्ह दिली ती सकाळी अकरा वाजता, मोकळ्या सरळ रस्त्यावर, जेमतेम तीन किलोमीटर. त्या रस्त्यावर चारही प्रकार सारखेच छान वाटले असते. म्हणून वेळ आणि रस्ता आपण सांगावा: संध्याकाळचे सात, आपला नेहमीचा चौक, घरातले चार जण आत आणि एसी सुरू. शोरूमने नकार दिला तर दुसऱ्या शोरूममध्ये जावे. नकार देणारा विक्रेता पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी कसा वागेल, याचा अंदाजही त्यातून येतो.

पुलाच्या चढावर मुद्दाम थांबून सुटून पाहावे आणि गाडी किती मागे येते ते शेजारी बसलेल्याला बघायला सांगावे. सोसायटीच्या रॅम्पवर रिव्हर्स घेऊन पाहावे, कारण खांबापासून चार बोटांवर गाडी लावताना ती इंचाइंचाने सरकते की झटक्याने, हे तिथेच समजते. रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी किती वेळाने उचल घेते ते पाहावे. समोरून गाडी येत असताना ओव्हरटेक करण्याची ती तालीम असते. मॅन्युअल गाडी पाहताना क्लचचे पेडल किती जड आहे आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किती हळू चालू शकते, या दोन गोष्टी सोडू नयेत. दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता हळू चालणारी मॅन्युअल गाडी गर्दीत निम्मे कष्ट वाचवते.

पहिले काही दिवस

ऑटोमॅटिक घरी आल्यावर डावा पाय पूर्णपणे बाजूला ठेवायचा आणि दोन्ही पेडलांसाठी उजवाच पाय वापरायचा, हा नियम पहिल्या मिनिटापासून पाळावा. क्लचच्या सवयीने डावा पाय जोरात ब्रेकवर पडला तर मागची गाडी आपल्यावर येऊन आदळू शकते. पहिला आठवडा मोकळ्या मैदानात किंवा पहाटेच्या रस्त्यावर काढावा आणि ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर हलवायचा नाही, हे हाताला शिकवावे.

मॅन्युअल घेणाऱ्यांनी सिग्नलला गाडी न्यूट्रलला काढून डावा पाय जमिनीवर टेकवावा आणि सरकत्या गर्दीत पुढच्या गाडीशी थोडे अंतर राखून पहिल्या गिअरमध्ये सलग चालत राहावे. मी स्वतः असे करू लागल्यावर त्याच मंगळवारच्या रस्त्यावर बहिणीच्या बोटातला आकडा २३६ वरून १५८ वर आला.

गाडी उभी करण्याची पद्धत प्रकारागणिक वेगळी आहे. 'पी' (पार्क) असलेल्या गाडीत ब्रेक दाबून थांबावे, 'एन' (न्यूट्रल) वर यावे, हँडब्रेक ओढावा, ब्रेक हलका करून भार हँडब्रेकवर बसल्याची खात्री करावी आणि त्यानंतर 'पी' टाकावा. थेट 'पी' टाकला तर उतारावर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर येतो. एएमटीत बहुधा 'पी' नसतो. तिथे हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे: तोंड चढाकडे असेल तर 'डी'मध्ये आणि उताराकडे असेल तर 'आर' (रिव्हर्स) मध्ये. दुसऱ्या दिवशी सुरू करताना ब्रेक दाबून आधी 'एन'वर यावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे गाडी सुरूच होत नाही म्हणून भल्या सकाळी सर्व्हिस सेंटरला फोन लावण्याची वेळ येते.